घरातील निकामी सेल : साठवण, हाताळणी व विल्हेवाट

सुरत शहरातील लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या वस्त्यांमध्ये धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतून आलेली असंख्य कुटुंबे राहतात. यंत्रमाग आणि रंगाई-छपाईचे कारखाने यांवर त्यांची उपजीविका चालते. त्यांची कित्येक मुले सुरत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळांतून शिकतात. वैशाखात आखाजी आली की खोलीला कुलूप लावून सारे कुटुंब भुसावळकडे जाणारी गाडी धरते आणि गावाची वाट चालू लागते. घर सोडताना गॅस बंद केला जातो, नळ तपासला जातो, विजेचे मुख्य बटण खाली ओढले जाते. परंतु भिंतीवरील घड्याळातले, रिमोटमधले आणि फळीवरच्या विजेरीतले सेल काढून ठेवण्याची आठवण क्वचितच कोणाला होते. महिन्या-दीड महिन्याने कुलूप उघडावे, तो रिमोट चालत नाही, विजेरीचे झाकण फिरत नाही, आणि जोर करून ते फिरवलेच तर आत पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर साचलेला दिसतो. सेल नळीला असा चिकटून बसलेला असतो की तो उपसून काढता काढता विजेरीच फुटते.

सेल ही अल्प मोलाची वस्तू असल्यामुळे या नुकसानीकडे कोणी फारसे गंभीरपणे पाहत नाही. वास्तविक ते पाहिले पाहिजे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. वीज नव्हती, जिने अंधारात होते, खाली पाणी होते. अशा रात्री घरातील विजेरी पेटते की नाही यावर पुष्कळ काही अवलंबून असते. खेड्यात तर अशी वेळ येण्यासाठी महापुराची गरज नाही. पावसाळ्यात रात्री गोठ्याकडे किंवा पंपावर जाताना पायाखाली काय आहे ते दाखवणारी विजेरी नेमकी त्याच वेळी दगा देते, आणि तिच्या दगा देण्याचे कारण बहुधा वैशाखापासून तिच्यात राहिलेले सेल हेच असते.

ग्रामीण भागात विजेरीलाच ‘बॅटरी’ म्हणण्याची आणि तिच्यात घालावयाच्या घटाला ‘सेल’ म्हणण्याची रूढी आहे. प्रस्तुत लेखात हीच लोकांची भाषा वापरली आहे. शालेय पाठ्यपुस्तकात ‘कोरडा विद्युतघट’ म्हणून ज्याचे वर्णन येते तो हाच सेल होय.

सेलच्या पोटात काय असते?

इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा यांनी १८०० साली धातूंच्या चकत्यांचा थर रचून सतत वाहणारी वीज प्रथम मिळवली. फ्रान्समधील लेक्लांशे यांनी १८६६ मध्ये जस्त, कार्बन व मँगनीज डायऑक्साइड यांचा घट तयार केला. तथापि त्यात पातळ द्राव असे, आणि तो उपडा झाला की सांडे. जर्मनीतील गास्नर यांनी १८८६ मध्ये त्या द्रावाचा लगदा करून तो जस्ताच्या भांड्यात बंद केला, आणि खिशात घालून कोठेही नेता येईल असा सेल जगाला मिळाला. आज दुकानात मिळणारा साधा सेल मूलतः या कुळातलाच आहे.

त्याच्या घटकांपैकी परकी अशी एकही वस्तू नाही. बाहेरचे भांडे जस्ताचे. मध्यभागी कार्बनची कांडी. तिच्याभोवती जो काळा ‘मसाला’ दाबून भरलेला असतो तो मँगनीज डायऑक्साइड व कार्बनची पूड यांचे मिश्रण होय. त्यात ओलावा धरून ठेवण्यासाठी नवसागर किंवा जस्ताचा क्लोराइड क्षार घातलेला असतो. नवसागर म्हणजे कल्हईवाला तापल्या भांड्यावर टाकतो तोच. आणि मँगनीज तर आपल्या विदर्भाच्या मातीतले : भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथील उघड्या खाणीतून निघणारे मँगनीज डायऑक्साइडचे खनिज सेलच्या कारखान्यांना पुरवले जाते. शिक्षकांनी हा दुवा वर्गात अवश्य सांगावा. भूगोलातील खाण आणि विज्ञानातील घट यांची अशी गाठ घालून दिली म्हणजे मुलांच्या लक्षात दोन्ही राहतात.

सेलची किल्ली जस्ताच्या भांड्यात आहे. इतर भांडी पदार्थ साठवण्यासाठी असतात. येथे मात्र भांडे हाच इंधनाचा साठा होय. सेल वीज देतो तो आपल्या भांड्याचे जस्त खर्चून. जसजसा तो वापरला जातो तसतसे भांडे आतून झिजते, पातळ होते आणि शेवटी त्याला छिद्रे पडतात. मग आतील ओलसर, आम्लधर्मी क्षार बाहेर पाझरतो आणि विजेरीच्या पितळी पट्ट्या, स्प्रिंग, तारा यांना खाऊ लागतो. म्हणून पाझरणे हा सेलचा केवळ बिघाड नव्हे, तर त्याच्या आयुष्याचा तो स्वाभाविक शेवट आहे. शेवट जवळ आलेला सेल उपकरणात ठेवणे म्हणजे गळकी घागर वह्यापुस्तकांच्या फळीवर ठेवण्यासारखे आहे.

अल्कलाइन म्हणून जो महाग सेल मिळतो त्याची रचना निराळी असते. त्याचे कवच पोलादी असते आणि जस्त भुकटीच्या रूपात आत भरलेले असते. तो अधिक काळ टिकतो. परंतु त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड नावाचा दाहक अल्कली असतो. तो त्वचेला व विशेषतः डोळ्यांना इजा करतो. सेल पूर्ण उतरल्यानंतर आत हायड्रोजन वायू साचून दाब वाढतो, बूड सुटते आणि हा दाहक द्रव बाहेर येतो. हवेशी संयोग पावून त्याचा जो पांढरा भुसभुशीत थर होतो तोच आपण रिमोटमध्ये पाहतो.

ऊन दाखवण्याची रीत

सेल मंदावला की तो काढून अंगणात उन्हात ठेवावयाचा, आणि संध्याकाळी पुन्हा विजेरीत घालावयाचा, ही रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सुशिक्षित माणसे तिला हसतात. पण ते हसणे अस्थानी आहे, कारण तिच्यात तथ्याचा अंश आहे. सतत वापरामुळे कार्बन कांडीभोवती जी अडथळ्याची अवस्था निर्माण होते ती विश्रांती मिळाल्यावर काहीशी दूर होते, आणि उष्णतेने आतील रासायनिक क्रियेला थोडी गती येते. त्यामुळे उतरलेला सेल अर्धा-पाऊण तास उजेड देतो, हे खरे आहे. मात्र नवीन शक्ती त्यात तिळभरही भरली जात नाही. उलट त्याच उष्णतेने झिजलेल्या जस्ताचे गळणे जवळ येते. एखाद्या अडल्या रात्री हा उपाय केला तर समजण्यासारखे आहे. पण असे सेल दुसऱ्या दिवशी काढून टाकले पाहिजेत. ते विजेरीत तसेच राहिले तर चार पैशांच्या बचतीसाठी विजेरी गमवावी लागते.

याहून अधिक अपायकारक सवय म्हणजे तीन सेलच्या विजेरीत दोन जुने ठेवून एकच नवा घालणे. शेतकरी बांधवांना हे समजावून देणे अवघड नाही. एका जुवाला ताजा व थकलेला बैल जुंपला तर ताजा बैल थकलेल्याला ओढत नेतो आणि दोघांचेही नुकसान होते. सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असतात तेव्हा साऱ्यांतून एकच प्रवाह वाहतो. नवा सेल तो प्रवाह जोराने रेटतो. रिकामा झालेला सेल त्या रेट्याखाली उलट दिशेने ढकलला जातो, त्यात वायू निर्माण होतो आणि तो फुगतो वा पाझरतो. साधा व अल्कलाइन, किंवा दोन निरनिराळ्या कंपन्यांचे सेल एकत्र घातले तरी हाच दोष संभवतो. तीनपैकी एक सेल उलटा बसवला तर बाकीचे दोन त्याला भारित करू पाहतात. साधे सेल पुन्हा भारित होण्यासाठी बनवलेलेच नसतात. ते गरम होऊन फुटू शकतात. यास्तव सेल बदलावयाचे ते सर्व एकदम, एकाच जातीचे व एकाच वेळी खरेदी केलेले असावेत.

विजेरीतून उतरलेला सेल भिंतीच्या घड्याळात घालून आणखी काही महिने चालवण्याची काटकसर अनेक घरांत आढळते. घड्याळाला प्रवाह अगदी थोडा लागतो, त्यामुळे ते चालते. या काटकसरीला हरकत घेण्याचे कारण नाही. फक्त असा सेल दर पंधरवड्यास काढून त्याचे बूड पाहावे. बूड ओलसर वा फुगीर दिसले तर घड्याळ चालू असले तरी सेल बाहेर काढावा.

साठवण कशी करावी

नव्या सेलचे तीन शत्रू आहेत : उष्णता, ओल आणि धातूचा स्पर्श. खानदेशातील वैशाखात पत्र्याच्या छपराखाली भट्टीसारखी उष्णता होते, तर सुरतेसारख्या समुद्राजवळच्या शहरात आषाढ-श्रावणात भिंतींना ओल सुटते. एकाच कुटुंबाला दोन्ही ठिकाणी सेल सांभाळावे लागत असल्यामुळे दोन्हींचा विचार केला पाहिजे. उष्णतेने सेल न वापरताच आतल्या आत उतरतो. यासाठी सेल छपराजवळच्या फळीवर, चुलीच्या बाजूच्या कोनाड्यात किंवा खिडकीच्या चौकटीवर ठेवू नयेत. आतल्या खोलीतील लाकडी कपाटाचा खालचा कप्पा त्यासाठी उत्तम. काही शहरी घरांत सेल शीतकपाटात ठेवतात. तसे करू नये, कारण बाहेर काढताक्षणी त्यांवर दव धरते आणि टोकांना गंज चढतो.

धातूच्या स्पर्शाचा धोका सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. किल्ल्या, नाणी, खिळे यांच्याच डब्यात सुटे सेल टाकले तर एखादी किल्ली सेलची दोन्ही टोके जोडते, प्रवाह अनिर्बंध वाहू लागतो आणि सेल तापतो. नऊ व्होल्टचा चौकोनी सेल या बाबतीत विशेष जोखमीचा आहे, कारण त्याची दोन्ही टोके एकाच बाजूस, अगदी शेजारी असतात. भांडी घासण्याची तारेची घासणी त्याला लागली तर ती पेट घेऊ शकते. सेल मूळ वेष्टनातच ठेवावेत. वेष्टन फाटले असल्यास प्लॅस्टिकच्या कोरड्या डबीत एकाच दिशेने ओळीने उभे करावेत, आणि नऊ व्होल्टच्या सेलच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी. वेष्टनावर छापलेला महिना व वर्ष पाहूनच खरेदी करावी. दुकानदार पुढे करील तो पुडा मुकाट्याने घेऊ नये.

लांब गावी जाताना, तसेच हंगाम संपल्यावर, सेल उपकरणातून काढून ठेवावेत. निवडणुकीचे, जनगणनेचे वा आपत्ती निवारणाचे साहित्य ज्यांच्या ताब्यात असते त्या ग्रामपंचायती व कार्यालये यांनाही हे तितकेच लागू आहे. पूरनियंत्रणाच्या पेटीतील विजेऱ्या जूनच्या पहिल्या आठवड्यात उघडून पाहिल्या जातात की नाही, याची विचारणा वरिष्ठांनी करण्यास प्रत्यवाय नसावा. सेल चांगला आहे किंवा नाही हे नुसत्या व्होल्टमापकावर नेमके कळत नाही. नवा सेल दीड व्होल्टच्या किंचित वर दाखवतो, पण थकलेला सेलही रिकाम्या अवस्थेत बऱ्यापैकी आकडा दाखवून फसवतो. लहान दिवा जोडून तो पेटलेला असताना मापन करावे. तेव्हा आकडा झपाट्याने एक व्होल्टाकडे घसरला तर सेल संपत आला असे समजावे. शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग सहज करता येतो.

सेल पाझरला तर

पाझरलेला सेल उघड्या हाताने धरू नये. हातमोजे नसतील तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळावी. सेल निघत नसेल तर तो सुरीने उचकटू नये व दगडावर ठोकू नये. उपकरण जमिनीकडे उलटे धरून हलकेच आपटावे आणि चेहरा दूर ठेवावा. अल्कलाइन सेलचा पांढरा थर असल्यास कापसाचा बोळा लिंबाच्या रसात किंचित बुडवून पट्ट्या पुसाव्यात. साध्या सेलचा चिकट, तपकिरी वा पांढरट पाझर आम्लधर्मी असल्यामुळे तेथे लिंबू उपयोगी नाही. त्यासाठी चिमूटभर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्याचा बोळा फिरवावा. त्यानंतर किंचित ओलसर कापडाने पुसून उपकरण एक दिवस उघडे वाळू द्यावे. पट्टीवर हिरवट गंज राहिल्यास तो बारीक कागदी पॉलिशने घासता येतो. द्रव हाताला लागला तर वाहत्या पाण्याखाली हात भरपूर धुवावा. डोळ्यात गेला तर किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरून लगेच डॉक्टरांकडे जावे. डोळा चोळू नये आणि त्यात घरगुती औषध घालू नये.

सेल फोडून आतील काळी पूड काढणे व ती फळा किंवा पाटी काळी करण्यासाठी वापरणे, कांडी काढून तिने भिंतीवर रेघोट्या ओढणे, हे खेळ मुलांकडून होत आले आहेत. मँगनीजची पूड श्वासावाटे पोटात जाणे आरोग्यास हितकर नाही. फळ्यासाठी रंग मिळतो, तोच वापरावा. होळीत वा शेकोटीत सेल टाकू नयेत. ते फटाक्यासारखे फुटतात आणि त्याचे कण चेहऱ्यावर उडतात.

बटण सेल : सर्वांत मोठा धोका

आतापर्यंत जे सांगितले त्यात नुकसान बहुतांशी पैशाचे व सोयीचे आहे. बटण सेलच्या बाबतीत मात्र प्रश्न मुलाच्या जिवाचा आहे, म्हणून या भागाकडे पालक, अंगणवाडी सेविका आणि प्राथमिक शिक्षक यांचे विशेष लक्ष वेधावयाचे आहे.

वीस मिलिमीटर व्यासाचा, जवळपास रुपयाच्या नाण्याएवढा, चकचकीत, तीन व्होल्टचा लिथियम सेल आज घराघरांत शिरला आहे. मोटारीच्या किल्लीत, लहान रिमोटमध्ये, वजनकाट्यात, दिवाळीच्या विजेवरील पणत्यांत तो असतो. त्याहून लहान बटण सेल बोलणाऱ्या बाहुल्या, दिवे लागणारे भोवरे, गाणारी शुभेच्छापत्रे यांत असतात. गावी जाताना सुरतेच्या बाजारातून लेकरांसाठी जी स्वस्त खेळणी पिशवीत भरली जातात त्यांत यांचा भरणा फार. पुष्कळ खेळण्यांच्या सेलच्या झाकणाला स्क्रूसुद्धा नसतो. नखाने झाकण उघडते आणि सेल दोन वर्षांच्या मुलाच्या हाती येतो. त्या वयात हाती आलेली वस्तू तोंडातच जाते.

असा सेल अन्ननलिकेत अडकला म्हणजे ओल्या त्वचेतून त्याच्या दोन बाजूंमध्ये प्रवाह वाहू लागतो. त्याच्या ऋण बाजूपाशी तीव्र अल्कली तयार होतो आणि तो नलिकेची भिंत जाळतो. ही जखम केवळ दोन तासांत गंभीर होऊ शकते. पुढे नलिकेला भोक पडणे, शेजारच्या श्वासनलिकेत वा मोठ्या रक्तवाहिनीत जखम पोहोचणे अशा प्राणघातक गोष्टी घडतात. सेल ‘संपलेला’ होता म्हणून निर्धास्त राहणे ही घातक समजूत होय. ज्या सेलवर किल्ली वा खेळणे चालत नाही त्यातही असा दाह करण्याइतकी शक्ती शिल्लक असते.

लक्षणे फसवी असतात. लाळ गळणे, खोकला, अन्न नाकारणे, छातीत दुखणे, उलटी, क्वचित रक्ताची उलटी. कधी काहीच लक्षण दिसत नाही. खेळण्यातील सेल हरवला आहे आणि मूल कुरकुरत आहे एवढे आढळले तरी ‘संडासवाटे पडेल’ म्हणून वाट पाहू नये. दोन्ही राज्यांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. क्ष-किरण तपासणी व दुर्बिणीने सेल बाहेर काढण्याची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच मुलाला न्यावे. मूल ओकावे म्हणून घशात बोट घालू नये. केळे, भाकरीचा घास, दूध, मिठाचे पाणी यांपैकी काही देऊ नये. मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळू शकत असेल आणि सेल गिळल्याला बारा तास झाले नसतील, तर रुग्णालयाच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन लहान चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा, देता येतो. मधाचा थर दाह काहीसा रोखतो. परंतु मध शोधण्यात एक मिनिटही दवडू नये, आणि एक वर्षाखालील बालकाला मध मुळीच देऊ नये. सेल नाकात वा कानात गेला असेल तर तेथे तेल किंवा औषधाचे थेंब घालू नयेत. ओल मिळाली की जळणे वाढते.

प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांसाठी एक सूचना. क्ष-किरण चित्रात सेल नाण्यासारखाच गोल दिसतो व नाणे समजून दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. सेलच्या कडेला बहुधा दुहेरी वर्तुळ दिसते. ते दिसल्यास, किंवा शंका असल्यासही, मुलाला सेल गिळलेलाच आहे असे धरून पुढे पाठवावे. घरात त्याच नमुन्याचा दुसरा सेल वा वेष्टन असेल तर ते डॉक्टरांना दाखवण्यासाठी सोबत द्यावे.

खेळणे विकत घेताना सेलच्या झाकणाला स्क्रू आहे काय ते पाहावे. नसेल तर ते खेळणे न घेतलेले बरे. घरात आलेच असेल तर झाकणावर पक्की चिकटपट्टी गुंडाळावी. काढलेल्या बटण सेलच्या दोन्ही बाजूंवर ताबडतोब चिकटपट्टी लावावी आणि तो मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावा.

मोठ्या बॅटऱ्या

इन्व्हर्टरच्या शिसे-आम्ल बॅटरीबद्दल थोडक्यात सांगावयाचे तर, भारित होताना ती हायड्रोजन सोडते. म्हणून ती बंद कपाटात किंवा देवघराशेजारी, जेथे समई वा उदबत्ती जळते, तेथे ठेवू नये. तिच्यात ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. नळाचे पाणी वा आम्ल घालू नये. जुनी बॅटरी फोडून जाळ्याच्या वजनासाठी घरच्या चुलीवर शिसे वितळवणे मुलांच्या मेंदूला कायमची हानी करणारे आहे. हिला भंगारात चांगला भाव येतो, त्यामुळे ती परत घेणारा विक्रेता सहज मिळतो व नव्या बॅटरीच्या किमतीत सूटही मिळते.

मोबाईलची वा पुन्हा भारित होणाऱ्या विजेरीची लिथियम बॅटरी फुगली असेल तर तिला भारित करणे त्याच क्षणी थांबवावे. ती टोचू नये, दाबू नये, अंथरुणावर ठेवू नये. कोरड्या वाळूच्या बादलीत घराबाहेर ठेवून दुरुस्ती केंद्राकडे द्यावी. पुराच्या पाण्यात बुडालेली अशी बॅटरी वरून कोरडी दिसली तरी पुन्हा वापरू नये.

विल्हेवाट कोठे लावावी

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली, आणि कारखान्यांच्या या शहरातून माणसे जथ्याजथ्याने बाहेर पडली. खानदेशातील आजच्या वडीलधाऱ्यांना ते दिवस आठवतात. पुढील वर्षी महापालिका आयुक्तपदी आलेल्या श्री. एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत शहराच्या सफाईला जी शिस्त लागली तिचे फलित असे की, २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरच्या बरोबरीने देशात पहिला क्रमांक मिळवला. रस्ता झाडला गेला म्हणजे सफाई पूर्ण झाली असे मात्र नाही. ओल्या कचऱ्यात पडलेला सेल खताच्या खड्ड्यात जाऊन फुटतो आणि त्यातील धातू त्याच खतावाटे शेतात उतरतात. कचरागाडीच्या दाबयंत्रात चिरडलेली लिथियम बॅटरी गाडीला आग लावू शकते.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. घनकचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या नियमांनी वापरलेल्या सेलची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली. त्यानंतर केंद्र शासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम जारी केले. २००१ चे जुने नियम मुख्यतः शिसे-आम्ल बॅटऱ्यांपुरते होते. नव्या नियमांच्या कक्षेत घरगुती लहान सेलही आले, आणि विकलेल्या मालाचा कचरा गोळा करून त्यावर पुनर्प्रक्रिया घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली. ग्राहकाचे कर्तव्य एवढेच की, त्याने सेल इतर कचऱ्यात न मिसळता वेगळा ठेवावा व गोळा करणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्यावा. वेष्टनावर कचराकुंडीच्या चित्रावर मारलेली फुली असते, तिचा अर्थ हाच. जस्ताची झीज रोखण्यासाठी पूर्वी सेलमध्ये पारा मिसळत. आता लहान सेलमधील पाऱ्याचे प्रमाण वजनाच्या ०.०००५ टक्क्याहून अधिक असता कामा नये, असे बंधन आहे.

येथे एक अडचण मोकळेपणाने नमूद केली पाहिजे. साध्या सेलला भंगारात भाव नाही, त्यामुळे भंगारवाला तो घेत नाही, आणि खेड्यात अधिकृत संकलन केंद्र जवळपास नसते. कर्तव्य सांगावयाचे आणि जागा दाखवावयाची नाही, असे होऊ नये. यावर व्यवहार्य मार्ग शाळेतून निघतो. शाळेत प्लॅस्टिकचा एक मोठा डबा ठेवावा. तो धातूचा नसावा आणि त्याचे झाकण हवाबंद नसावे. नऊ व्होल्टचे, बटण व लिथियम सेल यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावूनच ते स्वीकारावेत. पाझरलेला सेल वेगळ्या पिशवीत बांधून टाकावा. फुगलेल्या मोबाईल बॅटऱ्या या डब्यात घेऊ नयेत. डबा वर्गात न ठेवता कार्यालयाच्या कोरड्या कोपऱ्यात, पहिली-दुसरीच्या मुलांच्या हाताबाहेर असावा. शहरात तो भरल्यावर महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाकडे घातक कचरा म्हणून लेखी पत्रासह सोपवावा. गावात ग्रामसेवकांमार्फत पंचायत समितीकडे पाठवावा, आणि तालुक्याच्या ठिकाणाहून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे एकत्रित रवानगी होईल असे गटविकास अधिकाऱ्यांनी पाहावे. नोंदणीकृत व्यक्ती व संस्था यांची माहिती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे उपलब्ध असते. पुरणे किंवा जाळणे हे दोन्ही पर्याय वर्ज्य समजावेत. डबा सोपवताना त्याचे वजन व तारीख शाळेच्या नोंदवहीत लिहून घेणाऱ्याची सही घ्यावी, आणि रिकामा डबा त्याच दिवशी जागेवर परत ठेवावा.